दुसऱ्या खात्याची फाईल

आरोग्य परिणाम मूल्यांकनाच्या वर्गात सगळ्यात अवघड विद्यार्थी म्हणजे डॉक्टर. अभियंत्याला निदान मापं घ्यायची सवय असते, समाजकार्याच्या विद्यार्थ्याला लोकांची दारं वाजवायची. डॉक्टरच्या हातात बांधकामाची नियमावली दिली की तो 'रोग', 'रुग्णालय' असले शब्द शोधत पानं उलटतो आणि "यात आपल्या खात्याचं काही नाही, मॅडम" म्हणून ती परत करतो. तिथून पुढे माझं काम सुरू होतं.

मी शिकवते ते थोडक्यात असं: एखादं धोरण अमलात येण्याआधी त्याने लोकांच्या तब्येतीचं काय होईल, कुणाचं जास्त बिघडेल आणि ते टाळायला धोरणात नेमकं काय बदलायचं, हे सांगता आलं पाहिजे. 1999 साली गोथेनबर्गमध्ये या पद्धतीची व्याख्या ठरली. वेल्सने 2017 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तिला जागा दिली. आपल्याकडे 2006 च्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. आरोग्याचं स्वतंत्र मूल्यांकन मात्र सक्तीचं नाही.

एवढं सांगून झालं की फळा पुसते आणि सगळ्यांना मानखुर्द-गोवंडीकडे नेते. मुंबईत या विषयाचं याहून चांगलं पाठ्यपुस्तक मला माहीत नाही. लोकलचे मार्ग वाढवायचे म्हणून रुळांलगतची कुटुंबं उठवली गेली, त्यातल्या कितीतरी जणांना लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये 225 चौरस फुटांची घरं मिळाली. पुनर्वसनाच्या इमारतींना नियमात सवलत होती. दोन इमारतींमध्ये तीन मीटर अंतर असलं तरी चालत होतं. पुढे 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी या दोन वसाहती जवळच्याच पीएमजी कॉलनीशी ताडून पाहिल्या. पीएमजीत इमारती मोकळ्या आहेत. दाटीच्या दोन्ही वसाहतींत टीबीचं प्रमाण तिथल्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं. फाईल रेल्वेची, नियम नगररचनेचा आणि खोकला आरोग्य खात्याकडे.

मेजरिंग टेप प्रत्येकाकडे द्यायची, हा माझा हट्ट. भर दुपारी तळमजल्यावरच्या घरात ट्यूबलाइट चालू, खिडकी घट्ट बंद. डॉक्टरमंडळी लगेच खोकला किती दिवस, घरात आधी कुणाला होता का, असं विचारू लागतात. मी म्हणते, आधी खिडकी का बंद आहे ते विचारा. "उघडली तर समोरच्यांना आमचं ताट दिसतं, डॉक्टरसाहेब," एक मावशी म्हणाल्या, "आणि खाली बघा ना." खाली, दोन इमारतींच्या मधल्या पट्ट्यात, वरच्या मजल्यांवरून टाकलेला कचरा कुजत होता. दोन्हीकडून जाळ्या पुढे आलेल्या. टेप लावल्यावर नियमातले तीन मीटरसुद्धा भरेनात.

परत आल्यावर कागदावर कारणाकडून परिणामाकडे जाणारे बाण काढायचे. सवलतीपासून अंतर, अंतरापासून ऊन-वारा, तिथून बंद खिडकी आणि कोंदट हवेत तासन्‌तास तरंगणारे जंतू. जे मोजलं त्या बाणाला निळी शाई, जे लोकांकडून ऐकलं त्याला हिरवी, जे गृहीत धरलं त्याला लाल. पहिल्या खेपेला बहुतेकांचा कागद लालेलाल होतो. मग खरी चर्चा रंगते. लोक जुन्या वस्तीतूनच आजार घेऊन आले नसतील कशावरून? जेवणाचं काय? घर लांब गेलं म्हणून बायकांची धुण्याभांड्याची कामं सुटली, पैसा आटला, ताटातलं कमी झालं. हा बाण बायकांसोबत निवांत बसल्याशिवाय कुणाच्या कागदावर येत नाही. दिवसभर त्या घरात असतं कोण, हेही तेव्हाच कळतं.

चांगले बाणही काढायचे. घरात नळ आला, संडास आला, रात्री मुलीला बाहेर जावं लागत नाही. चळवळीतून आलेल्या तरुणांच्या हे लिहिणं जिवावर येतं. पण ते गाळलेला अहवाल म्हणजे नुसतं निवेदन, आणि निवेदनांचं काय होतं ते आपण जाणतोच.

शेवटी शिफारस. "पुरेसा उजेड व खेळती हवा असावी" असं कुणी लिहिलं की मी काट मारते. असल्या वाक्यावर 'नोंद घेतली' असा शेरा पडतो आणि फाईल पुढे सरकते. कोणता नियम, त्यातला कोणता आकडा, तो किती करायचा, सही कुणाची, हे हवं. सर्वांत खालच्या मजल्यावरच्या खिडकीला किती उजेड मिळेल ते नकाशासोबत दाखवल्याशिवाय परवानगी नको, असं एका सहायक अभियंत्याने लिहिलं होतं. आजवरच्या माझ्या वर्गांतली ती सर्वांत चांगली ओळ. डॉक्टरने लिहिलेली नव्हती, हे सांगायला हवंच.

आणि हे सगळं पाया खणायच्या आधी. उभ्या इमारती मागे सरकवता येत नाहीत. मग हाती उरते ती औषधाची पुडी.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल, तर हरकती-सूचनांसाठी एक महिन्याची मुदत असते. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात ती सूचना येते. ती वाचत जा, आणि इमारतींमधलं अंतर कमी होताना दिसलं तर लेखी हरकत घ्या. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.