भांड्यावरचं पांढरं पुट

आमच्या घरात भांडी धुण्याचं यंत्र आलं ते २०२३ च्या दिवाळी पाडव्याला. हौस म्हणून नव्हे. सौ.चं उजवं मनगट दोन वर्षं दुखत होतं. डॉक्टर दर खेपेला सांगत, "हाताला विश्रांती द्या." पण शिरूरच्या आमच्या घरात रोजची सात माणसं, शिवाय आला-गेला वेगळा. अशा घरात बाईच्या हाताला विश्रांती कुठून मिळायची? शेवटी पुण्यात नोकरी करणाऱ्या चिरंजीवांनी हप्त्यानं यंत्र घेतलं. पूर्वी जिथं रांजण असायचा, त्या कोपऱ्यात ते बसलं.

आईनं त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे पितळेला कल्हई पण करतं का?"

पहिला महिना छान गेला. संक्रांतीच्या सुमारास मात्र तक्रारी सुरू झाल्या. पेल्यांवर पांढरट पुट दिसू लागलं. ताटावरून बोट फिरवलं की खरखर लागे. कढईच्या कडेला पिठल्याची खरवड जशीच्या तशी. आई म्हणाली, "पैसे पाण्यात गेले." दुरुस्तीचा माणूस येऊन पावडर बदला म्हणून सांगून गेला. पावडर बदलली, फरक नाही. मग आईनं एके दिवशी कोणाला न विचारता हातानं भांडी घासायचा साबण आत टाकला. अर्ध्या तासात स्वयंपाकघरभर फेस झाला आणि नातवंडांना होळीआधीच धुळवड मिळाली.

एका रात्री अकराच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो. मोरीत दिवा दिसला. सौ. पाटावर बसून, यंत्रातून निघालेली भांडी काथ्यानं पुन्हा घासत होती. दुखऱ्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं. मला पाहून हळूच म्हणाली, "पोराला सांगू नका. एवढ्या हौसेनं आणलंय त्यानं." मी काही बोललो नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या आठवड्यात न्हावरे, पारगावमार्गे दौंड तालुक्यातल्या एका मळ्यावर जाणं झालं. तिथं ठिबकावर ऊस होता आणि निम्म्या तोट्या बंद पडल्या होत्या. नळी कापून पाहिली तर आत चुन्यासारखा पांढरा थर. माझी नेहमीची टकळी सुरू झाली. आपला खडक काळा पाषाण. बोअरचं पाणी त्यातून झिरपत येतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेऊन येतं. म्हणून ठिबकाला अधूनमधून आम्ल प्रक्रिया करायची, गाळणी धुवायची, नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडायचं. मालक मान डोलवत होते. तेवढ्यात वहिनींनी पाण्याचा पेला पुढं केला. त्याच्यावर तसंच पांढरट पुट होतं. माझी नजर तिथं गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "साहेब, पेला घासलेला आहे हो. पाणीच असं आहे. जे पेल्यावर बसतं, ते नळीत बसल्याशिवाय राहील का?"

पेला हातात तसाच राहिला. जे पेल्यावर आणि नळीत बसतं, ते माझ्या घरच्या यंत्रात का बसणार नाही? तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की बोअर घेतलंत तर आधी पाणी तपासा. माझ्या स्वतःच्या बोअरचं पाणी मी एकदाही तपासलेलं नव्हतं.

घरी आल्यावर बोअर पंधरा मिनिटं चालू ठेवलं, स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळली, भरली आणि प्रयोगशाळेत दिली. जडपणा लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या वर निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं धरतात आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आमचं पाणी शेवटच्या पायरीच्याही खाली.

मग यंत्राची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. यंत्राच्या तळाशी एक झाकण असतं आणि त्यात मीठ भरायचं असतं. मिठाचा भांड्यांशी संबंध नाही. आत राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याबदली सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी त्यांना पुन्हा मोकळं करतं. बसवणाऱ्या माणसानं भरलेलं मीठ महिन्याभरात संपलं होतं. मीठ संपल्याचा लाल दिवा रोज लागत होता आणि आम्ही तो यंत्र चालू असल्याची खूण समजत होतो! शिवाय पाण्याच्या जडपणाचा आकडा लावायची खूण होती ती सगळ्यात खालच्या अंकावर.

आता हे यंत्र गावोगावीही दिसू लागलं आहे, म्हणून माझ्या माताभगिनींसाठी दोष शोधण्याची रीत सांगून ठेवतो. आधी पुट कसलं ते ओळखा. पेल्यावर लिंबाची फोड चोळा. पुट गेलं तर ते क्षारांचं. मीठ भरा आणि जडपणाचा आकडा लावा. मीठ यंत्रासाठी मिळतं तेच घ्यावं, जेवणातलं बारीक आयोडीनचं नको. लिंबानं पुट गेलं नाही आणि काच कायमची धुरकट दिसली, तर काचच झिजली आहे. तिला इलाज नाही.

बोटाला तेलकट लागलं तर पाणी पुरेसं तापत नाही, पावडर कमी पडते किंवा गाळणी तुंबली आहे. भाकरीचा चुरा, भाताची शितं, कढीलिंबाची पानं सगळी गाळणीत अडकतात. ठिबकाची गाळणी धुतो तशी हीही धुवावी.

खरवड राहिली तर फिरता फवारा पाहा. आपल्या तुषार सिंचनासारखा तो पाण्याच्याच जोरानं फिरतो. उभा राहिलेला झारा त्याला अडला की फिरणं बंद. त्याची भोकं टाचणीनं मोकळी करावीत. एका ताटामागं दुसरं ताट चिकटून ठेवलं तर मागच्याला पाणीच पोचत नाही. यंत्रात पाणी येतंय किती तेही बघावं. टाकी दहा फूट उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ किलो मिळतो. आपल्या यंत्राला किमान किती लागतो ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

यंत्राच्या आत बसलेला थर लिंबूसत घालून रिकामं यंत्र गरम पाण्यावर चालवलं की सुटतो. ठिबकाचं आम्ल मात्र चुकूनही घालू नका. जर्मनची भांडी, लोखंडी तवा, लाकडी पळी यात धुऊ नयेत. जर्मन काळं पडतं, तवा गंजतो. आईला सांगावं लागलं की पितळेची कल्हई अजून कल्हईवाल्याकडेच.

या शोधात एक गोष्ट वाचून आईला फार बरं वाटलं. हे यंत्र चालतं करून दाखवलं ते अमेरिकेतल्या जोसेफिन कोक्रेन नावाच्या बाईंनी. १८८६ साली त्यांनी पेटंट मिळवलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात यंत्र मांडलं. घासण्याऐवजी पाण्याच्या जोरानं भांडी धुवायची, ही त्यांची युक्ती. आई म्हणाली, "तरीच. पुरुषाला मोरीतलं काय सुचणार?"

मीठ भरलं, आकडा लावला, गाळणी धुतली. तिसऱ्या दिवशी पेले लखलखले. पण माझी परीक्षा संपली नव्हती. यंत्राचं सांडपाणी मी परसातल्या अळवाच्या वाफ्यात सोडलं होतं. पूर्वी मोरीचं पाणी तिथंच जायचं, म्हणून पाणी वाया जायला नको एवढाच विचार. महिनाभरात अळवाच्या पानांच्या कडा करपल्या. मणी मोकळे करणारं मिठाचं पाणी रोज तिथं मुरत होतं. भीमा, घोडच्या काठची कितीतरी काळी रानं क्षारांनी चोपण झालेली मी पाहिली आहेत, त्यावर व्याख्यानं दिली आहेत. आणि स्वतःच्या परसात तेच करत होतो. सौ. म्हणाली, "शेतकऱ्याला सांगताना तुम्ही बांधावर उभे असता. घरात बांधच नाही ना!"

आता ते पाणी विहीर आणि परस दोन्हींपासून लांबच्या शोषखड्ड्यात जातं. अळवाला भाज्या धुतलेलं पाणी मिळतं. पावसाळ्यात नवी पानं फुटली आणि श्रावणात वड्या झाल्या.

रात्री उठलो तर अजून सवयीनं मोरीकडे पाहतो. दिवा नसतो. मनगट पूर्ण बरं झालेलं नाही, पण फडकं सुटलं आहे. आणि दौंडच्या त्या वहिनींना मी निरोप धाडला आहे की तुमच्या एका पेल्यानं माझ्या घरचं काम झालं. त्यांच्या मळ्यातल्या तोट्याही आता चालू आहेत.