वारा वरच आहे

लोहाऱ्याला सहल म्हणून कोणी जात नाही. धाराशिव जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या उत्तरेला, काळ्या रानांच्या मधोमध वसले आहे. तेथे लेणी नाहीत, धबधबा नाही. पण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हुरड्याचे आमंत्रण धाडले आणि गेल्या पौषात मी, सौभाग्यवती आणि सातवीत शिकणारी आमची कन्या असे तिघे तेथे दाखल झालो.

खरे सांगायचे तर कन्येची समजूत काढणे हाही त्या प्रवासाचा एक हेतू होता. महिनाभरापूर्वीच आम्ही लोणावळ्याजवळच्या एका मैदानावर गरम हवेच्या फुग्यात बसायला गेलो होतो. पहाटे साडेतीनला उठून, कुडकुडत तेथे पोचलो. झाडाचे पानही हलत नव्हते. फुगा उडवणाऱ्या त्या तरुण वैमानिकाने आधी एक लहानसा काळा फुगा आकाशात सोडला, पाच मिनिटे मान वर करून तो न्याहाळला आणि शांतपणे म्हणाला, "आज नाही."

कन्येचे डोळे भरून आले. मी मात्र माझ्या प्राध्यापकी जिभेचा पुरता उपयोग केला. असल्या निवांत हवेला भिणाऱ्याने फुगे उडवण्याऐवजी ते जत्रेत विकावेत, असे मी चारचौघांत बोलून गेलो. त्याने उलट उत्तर केले नाही. पैसे परत मिळाले. राग तेवढा मी घरी घेऊन आलो.

लोहाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही रानात गेलो. घरच्या डाळीपुरती तूर काठीने बडवून ठेवलेली होती. ती तेवढी उपणायची होती. विद्यार्थ्याच्या आई पाटी भरून तयार होत्या, पण उपणायला वारा लागतो आणि तो तर औषधालाही नव्हता. विद्यार्थ्याचे वडील, ज्यांना सारे घर आबा म्हणते, निवांत बांधावर बसून होते.

"आबा, आज वारा काही येईलसे दिसत नाही," मी म्हणालो.

"वारं वरच हाय, सर," आबा आभाळाकडे बोट करून म्हणाले. "ऊन तापू द्या. मग उतरतंय खाली."

आणि नऊच्या सुमारास तो खरोखरच उतरला! आधी ज्वारीची कणसे हलली, मग बांधावरची बाभूळ सळसळली. आईंनी पाटी डोक्याच्या वर धरली. तूर खाली पडू लागली आणि भुसकट दूर उडू लागले. कन्या ते पाहत होती. एकदम म्हणाली, "बाबा, तो काळा फुगा! झाडांच्या वर गेला आणि पळतच सुटला होता. मी पाहिलं होतं."

मी पाहिले नव्हते. मी त्या वेळी घड्याळाकडे पाहत होतो.

मंडळी, सारे इंगित एवढेच आहे. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होऊन बसते, आणि वरचा वारा त्या थरावरून निसटून जातो. ऊन तापले की हवा खालीवर होऊ लागते आणि तो वारा जमिनीवर येतो. म्हणून तर फुगे सूर्योदयाच्या सुमारास उडवतात. फुग्याला सुकाणू नाही आणि ब्रेकही नाही. खालीवर होऊन सोयीचा वारा शोधायचा, एवढेच वैमानिकाच्या हाती असते. जमिनीवर वारा ताशी 15-18 किलोमीटरांच्या पुढे गेला, तर सहसा कोणी उडत नाही. तासाभराने उतरताना तो वारा खाली आलेला असला, तर पाळणा माणसांसकट फरफटत जातो. वैमानिक निघतानाची हवा पाहतो, त्याहून अधिक तो उतरतानाची हवा पाहत असतो.

26 नोव्हेंबर 2005 रोजी विजयपत सिंघानिया वयाच्या 67व्या वर्षी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्यातून 21,000 मीटरांहून उंच गेले आणि त्यांनी जागतिक विक्रम केला. एवढे साहस, पण त्यांनाही भल्या सकाळचीच वेळ साधावी लागली. याउलट 30 जुलै 2016 रोजी अमेरिकेत टेक्सासमधील लॉकहार्टजवळ एका वैमानिकाने, ढग खाली असल्याची सूचना पहाटेच मिळूनही, फुगा उडवला. ढगाधुक्यात विजेच्या तारा दिसल्या नाहीत. त्याच्यासह सोळाही जणांचा अंत झाला. त्यांतल्या कोणाला त्या दिवशी "आज नाही" हे दोन शब्द ऐकावे लागले असते, तर तेही माझ्यासारखेच चिडले असते, आणि संध्याकाळी सुखरूप घरी परतले असते.

आबांनी वाऱ्याची वाट पाहिली, त्या तरुणाने वाऱ्याला वाट दिली. दोघांनीही आभाळ वाचले होते. वाचायचे शिकवून पोट भरणारा मी तेवढा निरक्षर ठरलो.

पुण्यास परतल्यावर मी त्या वैमानिकाला क्षमेचे पत्र लिहिले. त्याचे दोन ओळींचे उत्तर आले: पुन्हा या, ताईलाही आणा.

ही दिवाळी झाली की जायचे ठरले आहे. परवा गच्चीत आकाशकंदील टांगला. कन्या रोज पहाटे उठून त्याच्या झिरमिळ्या पाहते आणि मला उठवून निकाल सांगते. काल म्हणाली, "बाबा, झिरमिळ्या हलत नाहीत." आणि मग थोडे थांबून, आबांच्या थाटात बोट वर करून म्हणाली, "पण वारं वर असंल!"