खोडरबर नसलेली पेन्सिल

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारतात. "काय काय पाहिलंत?" हा पहिला आणि "काय काय आणलंत?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी फोटो दाखवून देते. दुसऱ्याचे उत्तर माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोर, भिंतीवर टाचणीने लावलेले आहे. तो एक साधा पांढरा कागद आहे आणि त्यावर मी स्वतः काढलेला मिकी माउस आहे. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा आहे आणि नाक कपाळाच्या दिशेने निघाले आहे. पाहुणे कौतुकाने विचारतात, "चिरंजीवांनी काढला वाटतं?" चिरंजीव अकरा वर्षांचे आहेत. त्यांना हा आरोप मुळीच सहन होत नाही. "आईनं काढलाय," असे ते ताबडतोब जाहीर करतात.

हा मिकी माझ्या हातून कसा उतरला, त्याची ही हकिकत.

2024 च्या मे महिन्यात, कॉलेजचे पेपर तपासून झाल्यावर, चिरंजीवांना घेऊन मी धाकट्या भावाकडे गेले. तो लॉस एंजिलिसच्या दक्षिणेला राहतो. त्याची मुलगी चिऊ नऊ वर्षांची. जन्म तिकडचा, शाळा तिकडची. पण भावाने आणि वहिनीने घरात मराठी टिकवून ठेवलेले. फोनवर ती माझ्याशी आणि माझ्या आईशी घडाघडा बोलायची. आईला इंग्रजी येत नाही, त्यामुळे आजी-नातीमधला तेवढाच एक पूल.

आता माझा धंदा मराठी शिकवण्याचा. गेली वीस वर्षे लाल पेन हातात आहे, आणि सवय सुटीवर जात नाही. चिऊ म्हणाली, "आत्या, हा माझा पुस्तक." मी म्हणाले, "माझं पुस्तक. ते पुस्तक." ती म्हणाली, "माझी दात पडला." मी म्हणाले, "माझा दात." तिसऱ्या दिवशी ती वाक्य सुरू करण्याआधी माझ्या तोंडाकडे पाहू लागली. पाचव्या दिवसापासून ती माझ्याशी इंग्रजीत बोलू लागली. अगदी नम्रपणे, हसून, पण इंग्रजीत.

रात्री भांडी आवरताना वहिनी हळूच म्हणाली, "ताई, रागावू नका. पण ती काल आजीच्या फोनवरही आली नाही. म्हणाली, मला नीट येत नाही."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच.

त्या शनिवारी आम्ही सगळे अनाहाइमला गेलो. हे गाव 1857 मध्ये जर्मन वसाहतकऱ्यांनी द्राक्षांच्या मळ्यांसाठी वसवले. पुढे तिथे संत्र्यांच्या बागा झाल्या, आणि त्यांतल्याच काही बागा तोडून 1955 मध्ये वॉल्ट डिस्नेने आपले डिस्नेलँड उभे केले. त्याच्या समोर, जिथे पूर्वी पाहुण्यांच्या मोटारी उभ्या राहत, त्या जागेवर 2001 मध्ये दुसरे उद्यान निघाले. त्याचे नाव कॅलिफोर्निया अॅडव्हेंचर. आम्ही गेलो ते या दुसऱ्यात.

दुपारपर्यंत दोन्ही मुलांनी आम्हाला पाळण्यांतून इतके गरागरा फिरवले, की पोटातल्या इडल्यांनी घरी परत जाण्याची परवानगी मागितली. पुढच्या पाळण्याची रांग मारुतीच्या शेपटीसारखी. तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, तू या दोघांना घेऊन चित्रांच्या वर्गात बस. तिकिटातच आहे. आत गारवा असतो." गारवा या शब्दावर मी लगेच तयार झाले.

ती इमारत चलच्चित्रकलेची. मधल्या मोठ्या दालनात उंचच उंच पडदे आहेत. त्यांवर आधी पेन्सिलीच्या कच्च्या रेघा दिसतात आणि मग त्याच जागी चित्रपटातला रंगीत, हलता-बोलता प्रसंग. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवले, तरी एका सेकंदासाठी बारा चित्रे हवीत. आमच्याकडे लग्नाच्या निमंत्रणावर एक गणपती काढायला चित्रकार आठवडा घेतो!

दालनाच्या एका बाजूला चित्रांचा वर्ग. आत जाताना प्रत्येकाच्या हाती एक फळी, एक कागद आणि एक पेन्सिल आली. चिरंजीवांनी पेन्सिल उलटसुलट करून पाहिली.

"आई, हिला खोडरबर नाही!"

खरेच नव्हते. माझ्या पोटात गोळा आला. शाळेत असताना मी एलिमेंटरीच्या परीक्षेला बसले होते. त्या दिवशी खोडून खोडून कागदाला भोक पडले आणि माझ्या कलाजीवनाची तिथेच सांगता झाली. त्यानंतर फळ्यावर बाण काढण्यापलीकडे मी कधी गेले नाही.

शिकवणारा तरुण पंचविशीचा असेल. त्याचा कागद समोरच्या मोठ्या पडद्यावर दिसत होता. त्याने सांगितले, आज मिकी. आणि सुरुवातीच्या सगळ्या रेघा अगदी हलक्या काढा. इतक्या हलक्या, की शेजाऱ्यालाही दिसू नयेत. त्या चुकल्या तरी चालतील, कारण त्या चित्रासाठी नाहीत, तुमच्या हाताला वाट दाखवण्यासाठी आहेत. गडद करायचे ते सर्वांत शेवटी.

मग त्याने एक गोल काढला. गोलावर एक उभी आणि एक आडवी वळणदार रेघ. नाक कुठे, डोळे कुठे, हे त्या दोन रेघा ठरवतात. मला एकदम आईची रांगोळी आठवली. दिवाळीच्या पहाटे ती अंगणात आधी नुसते ठिपके घालायची. लहानपणी मी विचारायची, "आई, हे पुसायचे ना नंतर?" ती म्हणायची, "पुसायचे कशाला? रेघ त्यांच्यावरूनच जाते."

मिकी बहुतेक गोलांचाच बनला आहे, आणि त्याला कारण आहे. 1928 मध्ये तो प्रथम काढला तो अब आयवर्क्स या चित्रकाराने. डिस्नेने त्याला आपला आवाज दिला. एकच पात्र हजारो वेळा, तेही अनेक हातांनी काढायचे, तर त्याचा आकार असा हवा की कुणालाही चटकन जमावा. गोल तसा आहे. म्हणून मिकीने मान कुठेही वळवली तरी त्याचे कान गोलच दिसतात. निसर्गातल्या कोणत्याही उंदराला हे साधलेले नाही.

ही विद्या आपल्याला अगदीच परकी नाही, असे मी मुलांना मोठ्या तोऱ्यात सांगितले. दादासाहेब फाळक्यांनी 1915 मध्येच 'आगकाड्यांची मौज' या चित्रपटात आगपेटीतल्या काड्या हलवून दाखवल्या होत्या. आणि 1956 मध्ये डिस्नेकडचे एक चित्रकार, क्लेअर वीक्स, मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये येऊन आपल्या तरुणांना हे काम शिकवून गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले राम मोहन पुढे भारतीय चलच्चित्रकलेचे आद्य पुरुष मानले गेले. चिरंजीवांनी "हो का?" म्हटले आणि आपला गोल पुरा केला. माझा गोल या भाषणाच्या भरात भोपळ्यासारखा झाला होता.

तेवढ्यात डाव्या बाजूने कुजबूज आली.

"आत्या, तुझी नाक वर गेला."

चिऊ! सहा दिवसांनी मराठीत! माझे ओठ आपोआप उघडले. 'तुझं नाक. वर गेलं.' शब्द जिभेवर येऊन उभे राहिले. मी तिच्या कागदाकडे पाहिले. त्यावर सात-आठ फिकट गोल एकमेकांवर पडलेले होते. वाकडे, लहान, मोठे. आणि त्यांच्या मधून, त्यांच्याच आधाराने, एक हसरा मिकी स्पष्ट वर येत होता. एकही चुकलेली रेघ तिने खोडली नव्हती. खोडण्याची सोयच नव्हती.

मी तोंड मिटले. मग म्हणाले, "खरंच गं, माझं नाक फार वर गेलं. आता काय करू?"

"काही नाही. हलका रेघ आहे. तू खाली अजून एक काढ, आणि त्याला डार्क कर."

"बरं. खाली एक रेघ काढते."

"आणि कान मोठी कर."

"दोन्ही कान मोठे करू?"

"हो. दोन्ही कान मोठे," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

मी पेन्सिल धरून तशीच बसले. वीस वर्षांत माझ्या लाल पेनाला जे जमले नव्हते, ते एका मिकीच्या कानांनी दोन वाक्यांत केले होते.

शेवटी सगळ्यांनी आपापले कागद डोक्यावर धरले. पंधरा-वीस मिनिटांपूर्वी एकाच पडद्याकडे पाहून सुरुवात केलेली ती माणसे. पण कुणाचा मिकी झोपाळू, कुणाचा रागीट, कुणाचा थेट आमच्या प्राचार्यांसारखा. तरीही प्रत्येक जण मिकीच होता. ओळखायला कुणाला अडचण पडत नव्हती.

परतताना गाडीत चिऊने सबंध दिवसाची कथा मराठीत सांगितली. त्यात लिंगांची आणि विभक्तींची अशी काही कत्तल झाली, की परीक्षेत मी तिला नापास केले असते. वहिनीने पुढच्या आरशातून माझ्याकडे एकदा पाहिले. मी खिडकीबाहेर पाहत "मग काय झालं?" एवढेच विचारत राहिले. घरी पोचताच तिने स्वतः आजीला फोन लावला. भारतात तेव्हा सकाळ झाली होती. आजीने एकही चूक काढली नाही. तिने कधीच काढली नव्हती.

निघायच्या दिवशी विमानतळावर चिऊने मला मिठी मारली आणि म्हणाली, "आत्या, परत ये. मी तुझा वाट बघते."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. "मीही तुझी वाट बघते हं," म्हणाले.

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. आजीशी बोलून झाल्यावर तिने मला बोलावले आणि विचारले, माझा मिकी अजून भिंतीवर आहे का. आहे म्हणाले. त्याचे नाक?

"अजून वरच आहे गं."

"असू दे," ती म्हणाली. "छान आहे तो नाक."