हलकेपणाचा हट्ट

कुरूप वस्तूंचा मला पहिल्यापासून लळा आहे. सुंदर वस्तू आपली बाजू आपणच मांडून मोकळी होते. कुरूप वस्तूची वकिली कुणीतरी करावी लागते. कॉन्स्युलियर जीटीपी या अमेरिकन गाडीचं वकीलपत्र मी आपणहून घेतलं आहे, आणि अशील चांगलंच अवघड आहे.

१९८०च्या दशकातली सुपरकार आठवा. जमिनीला टेकू पाहणारं नाक, पसरलेले खांदे, दोन्ही कुशींवर लांबलचक फटी असलेली लाल फेरारी टेस्टारोसा. उभ्या जागीही ती धावतेय असं वाटायचं. तिच्या शेजारी १९८५ सालची ही जीटीपी उभी करा. बसकं नाक, भल्यामोठ्या काचा, आणि डौलदार म्हणावं असं वळण अंगावर औषधालाही नाही. सुपरकारच्या रीतीप्रमाणे इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या आसाच्या पुढे आहे खरं. पण झाकण उघडावं तर आत क्रायस्लरचं २.२ लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो इंजिन. चारचौघांच्या गाड्यांत असायचं तेच. ताकद सुमारे १७५ अश्वशक्ती. फेरारीचे सिलिंडर बारा आणि ताकद याच्या दुपटीहून जास्त.

मग हिला सुपरकार म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? वजनाच्या, म्हणजे नसलेल्या वजनाच्या. फ्लोरिडातल्या रिव्हिएरा बीचला वॉरन मोसलर यांनी ही गाडी बांधली ती पोलादी सांगाड्याशिवाय. काचतंतू आणि केव्हलारच्या थरांमध्ये फोम भरून घडवलेलं कवच हाच तिचा सांगाडा आणि तेच तिचं अंग. सगळी मिळून गाडी हजार किलोंच्या आसपास. टेस्टारोसा दीड हजारांच्या पुढे. सरळ रस्त्यावर फेरारी निघून जाईल, त्यात वाद नाही. पण वळण आलं की हिशेब बदलतो. जड गाडी वेगानं वळताना जास्त जोरानं बाहेर फेकली जाऊ पाहते, तिला थांबवताना ब्रेक जास्त तापतात, टायर लवकर झिजतात. हलकी गाडी उशिरा ब्रेक मारते, वळणात वेग राखते आणि लांबच्या शर्यतीत शेवटपर्यंत ताजी राहते. वेग मिळवण्याइतकंच तो न गमावण्यालाही मोल आहे, हे जीटीपीनं ट्रॅकवर दाखवून दिलं.

तिला शिक्षाही त्याच भाषेत झाली. घोड्यांच्या शर्यतीत सरस घोड्याच्या पाठीवर शिशाचं ओझं चढवतात, तसं अमेरिकेतल्या इम्सा या शर्यत संघटनेनं १९९१मध्ये तिच्यावर ३०० पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो, लादले. पुढे दारच बंद केलं. ज्या गाडीचं सारं तत्त्वज्ञान हलकेपणाचं, तिला याहून मोठी पावती कुठली असणार!

पण अशिलाची पडती बाजूही सांगायला हवी. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीनं जीटीपीला ट्रॅकवर हरवून दाखवावं आणि २५,००० डॉलर न्यावेत, असं आव्हान मोसलर यांनी दिलं होतं. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकानं कॉर्व्हेट आणली आणि ती सरस ठरली. आपली गाडी वापरून झिजलेली होती, अशी मोसलर यांची बाजू. असेलही. निकाल मात्र निकालच.

या माणसाचा मूळ धंदा निराळाच. मोसलर वित्त व्यवहारातले, आणि आज जग त्यांना ओळखतं ते ‘मॉडर्न मॉनेटरी थिअरी’ या अर्थविचाराच्या प्रवर्तकांपैकी एक म्हणून. स्वतःचं चलन छापणाऱ्या सरकारला पैशाची वाण पडत नाही. खरी मर्यादा माणसं, माल आणि महागाई यांची, असं ते सांगतात. हा विचार पटो वा न पटो, पण त्यात आणि गाडीत एकच खोड दिसते: सगळे ज्याला अडचण समजतात ती बाजूला सारायची आणि खरी अडचण कुठे आहे ती शोधायची. गाडीच्या बाबतीत त्यांना ती सापडली वजनात. २००१ सालच्या त्यांच्या एमटी९०० या गाडीच्या नावातला ९०० हा आकडा वजनाचा, किलोंतलं उद्दिष्ट. इतरांनी गाड्यांना बैलांची, वाऱ्यांची नावं द्यावीत. यांनी काट्यावरचा आकडा दिला.

एमटी९०० दिसायला देखणी होती. तरीही गिऱ्हाईक मोजकंच मिळालं, जसं जीटीपीलाही शंभराच्या आतच मिळालं होतं. तेव्हा दोष एकट्या रूपाचा नव्हता, हे वकील म्हणून मला मान्य करायला हवं. सुपरकार घेणारा माणूस वेगाचे पैसे फारसे देत नाही. नाव ऐकताच वळणाऱ्या माना तो विकत घेत असतो. मोसलर यांच्या काट्यावर किलो अचूक मोजले जात होते. माना मोजायची सोय त्यात नव्हती.