रित्या सिंहासनापुढची गाणी

पडेगावातून पश्चिमेला जाणारा रस्ता राजांचा आहे. मिटमिटा, शरणापूर मागे पडलं की देवगिरीचा सुळका समोर उभा राहतो. तिथे यादवांची राजधानी होती. घाट चढून खुलताबादला पोचावं, तर त्या एका गावात मलिक अंबर, औरंगजेब आणि पहिला निजाम असे तिघेही मातीत विसावलेले. खडकी वसवणारा, तिला आपलं नाव देऊन औरंगाबाद करणारा, आणि ज्याच्या वंशाने इथे १९४८ पर्यंत राज्य केलं तो. औरंगजेबाची कबर उघड्या आभाळाखाली आहे, वर घुमट नाही.

या रस्त्याच्या कडेला मी राहतो आणि रविवारी उलट्या दिशेला, छावणीत उपासनेला जातो. तिथे पेटी-तबल्यावर आम्ही एका राजाची गाणी गातो. ज्या वाटेवर इतक्या गाद्या आल्या आणि गेल्या, त्या वाटेवर राहून एका राजावर विश्वास ठेवणं म्हणजे काय, हे मला बायबलमधल्या स्तोत्रसंहितेने शिकवलं.

दीडशे स्तोत्रांतली थोडीच राजाची आहेत. हर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या आरंभी ती वेगळी काढून दाखवली. दुसरं राज्यारोहणाचं, विसावं लढाईला निघण्यापूर्वीचं, पंचेचाळिसावं राजाच्या लग्नाचं. ती रचली गेली तेव्हा कोणी दूरच्या तारणाऱ्याचं भाकीत करत नव्हतं. यरुशलेमच्या सिंहासनावर बसलेल्या, कपाळावरून तेल ओघळणाऱ्या हाडामांसाच्या माणसासाठी ती होती. दावीदाच्या वंशातला असा प्रत्येक राजा ‘मशीहा’, म्हणजे अभिषिक्तच होता.

या सगळ्यांत बहात्तरावं स्तोत्र मला सर्वांत जवळचं. नवा राजा गादीवर येतो आहे आणि लोक त्याच्यासाठी मागणं मागताहेत. काय मागतात? गरिबाला न्याय मिळावा, ज्याला कोणी वाली नाही त्याची हाक राजाच्या कानी पडावी, दुबळ्याचं रक्त त्याला मोलाचं वाटावं. आणि राजाने यावं कसं, तर कापलेल्या गवतावर पाऊस यावा तसं. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे बहात्तर म्हटलं की म्हाताऱ्यांना दुष्काळच आठवतो: खडी फोडायला गेलेले लोक, लाल मिलोच्या भाकरी, मुलांच्या हातातली सुकडी. स्तोत्राचा आणि दुष्काळाचा आकडा एकच निघाला हा योगायोग, पण मला ते स्तोत्र त्या आठवणींशिवाय वाचता येत नाही.

पंडिता रमाबाईंनाही ते असंच वाचता आलं असेल, असं मला वाटतं. शतकाच्या वळणावरच्या दोन दुष्काळांत त्यांनी उपाशी बायकामुली शोधून केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र त्यांनी मराठीत आणलं. ते छापलं मुक्तीतल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. पूर्ण ग्रंथ त्यांच्यामागे, १९२४ मध्ये बाहेर आला. जिला कोणी वाली नव्हता तिने दुबळ्यांच्या राजाच्या ओळींचे खिळे जुळवावेत, याहून त्या स्तोत्राचा मोठा मान मला ठाऊक नाही.

पण इतिहासात तसा राजा कुठे आला? इसवी सनापूर्वी ५८७च्या सुमारास बाबेलच्या फौजेने यरुशलेम जाळलं. शेवटचा राजा सिद्कीया याचे डोळे काढले, बेड्या घालून नेलं. एकोणनव्वदाव्या स्तोत्रात दावीदाच्या घराण्याचा मुकुट धुळीत पडला आहे आणि गाणारा देवालाच विचारतो आहे की तुझ्या शपथेचं काय झालं. इतकं थेट विचारणं मी दुसऱ्या कुठल्या प्रार्थनेत वाचलेलं नाही.

इथे मला देवगिरी आठवते. शके १२१२ म्हणजे १२९० साली ज्ञानदेवांनी ग्रंथाच्या अखेरीस न्यायाने राज्य करणाऱ्या रामदेवरायाचा उल्लेख केला. सहाच वर्षांनी अलाउद्दीन देवगिरीच्या पायथ्याशी होता, आणि पुढच्या पाव शतकात यादवांचं राज्य बुडालं. ज्ञानेश्वरी घरोघर राहिली; पण त्या राजाच्या वंशाची वाट पाहत कोणी बसलं नाही, बसायचं कारणही नव्हतं. यरुशलेमात नेमकं उलटं घडलं. पुन्हा बांधलेल्या मंदिरात राजा नव्हता, तरी राजाची गाणी गाळली गेली नाहीत. राज्यारोहणाचं गाणं सिंहासन नसताना गायचं म्हणजे ते पुढे येणाऱ्यासाठीच गायचं. मशीहाची आशा त्या रित्या जागेपुढे मोठी झाली.

येशूच्या शिष्यांनी त्या जागेवर त्याला पाहिलं. एकशे दहावं स्तोत्र, ज्यात राजाला देवाच्या उजवीकडे बसवलं आहे, नव्या करारात इतर कुठल्याही स्तोत्राहून जास्त वेळा येतं. पण त्यांचं खरं धाडस वेगळं होतं. त्यांनी बाविसावं स्तोत्र, कपड्यांवर चिठ्ठ्या टाकल्या जाताना देवाला हाक मारणाऱ्या छळलेल्या माणसाचं, दुसऱ्या स्तोत्राच्या विजयी राजाशेजारी ठेवलं आणि म्हटलं, हा माणूस एकच आहे. त्याच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट होता, वरच्या पाटीवर ‘राजा’ असं तीन भाषांत लिहिलेलं. १९२५ मध्ये पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्तराजाचा सण सुरू केला. पहिल्या महायुद्धात युरोपातली मोठमोठी सिंहासनं कोसळून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती.

ही स्तोत्रं आधी यहुद्यांची आहेत, हे विसरून ती गाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. कोकणातले बेने इस्रायलही त्याच परंपरेतले. त्यांच्या मते अभिषिक्त अजून यायचा आहे. आम्ही म्हणतो, तो आला. तरी झावळ्यांच्या रविवारी होसान्ना म्हणताना मी बहात्तरावं स्तोत्र मनात धरतो आणि मला कबूल करावं लागतं की त्यातलं मागणं अजून पुरं झालेलं नाही. वाली नसलेला माणूस आजही हाक मारतोच आहे. म्हणून ‘तुझे राज्य येवो’ ही प्रार्थना ख्रिस्ती माणसानेही पुढच्या दिवसाकडे पाहूनच म्हणायची असते, आणि मी ती तशीच म्हणतो.