उताराची तयारी

अहिल्यानगरच्या सपाट रस्त्यांवर रोज सकाळी दोन कोस चालणाऱ्या गृहस्थास कळसूबाईची काय मातब्बरी, अशा भ्रमात मी दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब अकोले तालुक्यातील बारी या गावी दाखल झालो. "आधी डॉक्टरांना दाखवावे, थोडी तयारी करावी," असे सौभाग्यवतीने दोनदा सुचविले होते. ते मी हसण्यावारी नेले.

महाराष्ट्रातील हे सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. चढताना दम लागला, कड्यावरच्या लोखंडी शिड्या पाहून उरात धडकीही भरली. परंतु देवीच्या देवळापाशी उभे राहून खाली भंडारदऱ्याचे चकाकणारे पाणी पाहिले, तेव्हा मी मोठ्या विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिले. ती काहीच बोलली नाही.

खरी परीक्षा उतरताना झाली. एका शिडीवर माझ्या मांड्या लटलटा कापू लागल्या. पाय टेकावा तेथे टेकेना. खाली नऊ वर्षांचा नातू हात वर करून म्हणत होता, "आजोबा, मी धरतो!" माझा तोल जाता तर सारा भार त्या पोरावरच आला असता. त्या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

घरी परतल्यावर डॉक्टरांनी उलगडा केला. चढताना कस लागतो तो मुख्यतः दमाचा. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच देहाचा भार पेलावा लागतो. सपाट रस्त्यावर हा प्रसंग त्यांच्यावर फारसा येत नाही.

पुढच्या खेपेस रक्तदाब व हृदय तपासून घेतले आणि दोन महिने आधीपासून जिन्याची उपासना आरंभिली. चढणे बेताचे, उतरणे मात्र अगदी सावकाश. आठवड्यातून एक दिवस विश्रांती. महिन्याभराने पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी आली. नव्या बुटांचा मोह टाळून पायात रुळलेलेच घातले, नखे कापली, गुडघ्यांवरील भार हलका करण्यास काठी घेतली. सौभाग्यवतीही जिन्यावर सोबतीस येऊ लागली.

सहलीस निघताना आपण शिखराचाच विचार करतो. शरीरास मात्र परतीचाही हिशेब द्यावा लागतो.

गेल्या दिवाळीत पुन्हा बारीस गेलो. उतरताना त्या शिडीवरून आधी मी खाली आलो, पाय घट्ट रोवले आणि वर पाहून नातवास म्हटले, "ये, सावकाश ये. मी आहे."