सीट दोन बोटं वर

माझ्या मोठ्या सायकलच्या सीटपोस्टवर नेलपॉलिशच्या रेघा आहेत. सगळ्यात खाली लाल, वर मरून, मग मोरपंखी आणि टोकाला चंदेरी. बीआरएमचा, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला गाठायच्या सायकल-फेऱ्यांचा, हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. त्याआधी सीट जिथे पक्की होईल तिथे त्या वर्षाची रेघ मारायची. रेघा वर चढत गेल्या याचं मला फार कौतुक. घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी सायकल दाखवायची आणि सायकलच्या आधी रेघा, असा आमच्याकडे शिरस्ताच पडला होता. यंदा चंदेरीच्या खाली यावं लागणार असं दिसतंय, आणि हात काही बाटलीकडे जात नाही.

झालं असं, की उन्हाळ्यात हाडांची घनता मोजून घेतली. आकडा बरा नव्हता. डॉक्टर म्हणाले, सायकल खुशाल चालवा, फक्त पडू नका. म्हणजे पावसात जा पण भिजू नका, त्यातला प्रकार. न पडण्याचा खात्रीचा उपाय एकच, थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत. म्हणजे सीट खाली. आणि सीट खाली घेतली की माझा उजवा गुडघा नस्तनपूर यायच्या आतच वाटीमागून बोलायला लागतो. गुडघ्याला सीट वर हवी, हाडांना खाली. मधे मी, हातात पाच नंबरची ॲलन की घेऊन उभी.

बोटभर सीटने काय होतं ते न चालवणाऱ्यांना सांगून उपयोग नाही, आणि चालवणारणीला सांगायची गरज नाही. लाल रेघेवर होते तेव्हा कासारी घाटात अर्ध्यावर उतरून सायकल ढकलत न्यायची. मोरपंखीवर आले आणि बसल्याबसल्या माथ्यावर. १९०० साली निझामाची मनमाड-सिकंदराबाद लाइन सुरू होण्याआधी वेरूळची लेणी बघायला निघालेले साहेबलोक आमच्या नांदगावलाच उतरायचे आणि पुढे टांगा नाहीतर बैलगाडी करायचे. चढाला त्यांतले किती जण खाली उतरून चालले असतील देव जाणे. मी मात्र घाटात पाय टेकायचा नाही असा पण केला होता, आणि तो पण सगळा त्या सीटपोस्टवर उभा होता.

दिवाळीच्या फराळाला आम्ही नांदगाव-मनमाडच्या सायकलवाल्या बायका कुणा एकीच्या ओट्यावर जमतो. घरात कुठली नवी सायकल आली, कुठली विकली, यंदा कुठवर मजल मारायची, सगळं तिथे उघड होतं. एकीने हायब्रिड विकून रोड बाइक घेतली आणि सासूबाईंना ती सेकंडहँड आहे म्हणून सांगितलं. खरी किंमत फक्त ओट्याला ठाऊक. मनमाडच्या एका वहिनींकडे नवऱ्याची रेल्वे वर्कशॉपला जायची काळी हीरो आहे. नवरात्रात त्या तीच घेऊन सप्तशृंगीच्या पायथ्याला, नांदुरीपर्यंत जातात. गिअर नाही, तक्रार नाही. कुणाला पंढरपूरच्या सायकल वारीला जायचंय, कुणाला पहिली २०० किलोमीटरची बीआरएम. एकीचा संकल्प मला सगळ्यात आवडला होता. साडी नेसून, पिशव्या अडकवून, भर बाजारातून सायकलवर घरी यायचं, आणि दिराने पाहिलं तरी उतरायचं नाही.

माझ्याकडे चार. नोकरीला लागले तेव्हाची ॲटलासची लेडीज, लेक पुण्याला गेल्यावर मागे राहिलेली लेडीबर्ड, एकवीस गिअरची हायब्रिड, आणि ही रोड बाइक. हिला मोठी म्हणतो ती मानाने. फ्रेम सगळ्यात लहान हिचीच.

फराळाच्या ओट्यावर गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. आता उपकेंद्रात नर्स आहे. तिला २०० करायची होती. म्हटलं, दाखव सायकल. सीट पार तळाला. बसली की गुडघे कोपरांना भेटायचे. मी माझं नेहमीचं सुरू केलं, आज दोन बोटं वर घेऊ, पुढच्या आठवड्यात आणखी दोन. ती म्हणाली, "बाई, पाय लागला पाहिजे हो."

हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की माझं उत्तर तोंडपाठ आहे. थांबताना सीटवर बसून राहायचंच नसतं. पुढे सरकायचं, दांड्यावर उभं राहायचं, एक पाय पायडलवर, दुसरा खाली. पण हे ज्ञान बायकांकडे येणार कुठून? मुलगे सायकल शिकले ते दांड्याखालून पाय घालून, हाफ पायडल मारत. सीटचा संबंधच उशिरा आला. आम्हाला शिकवलं ते सीट तळाला बसवून आणि मागून कॅरिअर धरून. कॅरिअरवरचा हात सुटला, सीट तिथेच राहिली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. शाळा सुटताना त्यांची रांग बघा. पोरी ताडमाड वाढलेल्या, आणि सीटा आठवीत होत्या तिथेच. बापाने नाही, भावाने नाही, कुणीच पाना लावलेला नाही. मी रस्त्यात थांबवून सीटा वर केल्या आहेत. पोरी हसतात, दोन दिवसांनी परत खाली करून घेतात.

नर्सबाईच्या बाबतीत मी लबाडी केली. ती चहा पीत असताना अर्धं बोट सीट वर करून ठेवायची. हा माझा जुना डाव, बऱ्याच जणींवर यशस्वी झालेला. तिने मात्र सीटपोस्टवर बॉलपेनने खूण करून ठेवली होती. "बाई, सीट वर गेलीय." खुणा वाचणं हे तिचं कामच आहे.

मग ती मला पानेवाडीकडे घेऊन गेली. मनमाड रस्त्यावर इंधन डेपोच्या टँकरांची रांग कधी तुटत नाही. मागून हॉर्न आला की डावीकडे व्हायचं. डावीकडे डांबराची कड, आणि कडेखाली साइडपट्टी. डांबरावर डांबराचे थर चढत गेले, साइडपट्टी होती तिथेच राहिली. कुठे वीतभर खोल, कुठे त्याहून जास्त. ती थांबली, डावा पाय खाली सोडला, आणि मला म्हणाली, आता तुम्ही तुमच्या सीटवरून सोडून दाखवा. मी पुढे सरकले, दांड्यावर आले, पाय सोडला. पाय खाली, आणखी खाली, जमीन येईना. तोवर सायकल कलली होती. पडले नाही, तिने हँडल धरलं. त्या वेळी माझ्या हाडांचा आकडा मला माहीत नव्हता.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. क्रँक लहान करून पाहिली. १७०ची काढून १५५ची घातली की पायडल वर येताना गुडघा कमी दुमडतो, हे खरं. पण तेच पायडल तळाला गेलं तरी पंधरा मिलिमीटर वर राहतं, म्हणून सीटही तेवढीच वर घ्यायला हवी. जमीन आणखी लांब गेली! सीट न हलवता चालवून पाहिली. गुडघा गप्प बसला, पण पाय खाली उलगडतच नाही, आणि घाटात मांड्या भरून येतात. सीट मागे सरकवली तर हँडल लांब जातं, आणि माझ्या उंचीच्या बाईला हँडल आधीच लांब असतं. अमेरिकेत जॉर्जिना टेरीने १९८५च्या सुमारास खास बायकांसाठी सायकली बनवायला घेतल्या तेव्हा पुढचं चाक लहान घातलं, फ्रेम आखूड केली, हँडल जवळ आणलं. पोहोचायचा प्रश्न तिने सोडवला. थांबायचा कुणी सोडवत नाही.

हे मला नाशिकला कळलं. एका दुकानात बाइक फिट करून घ्यायला गेले होते. पोरगा हुशार. रोलरवर सायकल चढवली, गुडघ्याला ठिपके चिकटवले, कॅमेरा लावला, अंशात कोन सांगितले. सगळी मापं चालत्या सायकलची. मी विचारलं, थांबल्यावर काय? तो म्हणाला, मॅडम, थांबायचं कशाला? आमचा जुना मिस्त्री याच्यापेक्षा बरा होता. बोटं क्रँकच्या बोल्टला लावून सीट काखेत येते का बघायचा, आणि मग विचारायचा, रोज जाता कुठे? बाजारातून जाते म्हटलं की स्वतःच अर्धं बोट खाली घ्यायचा. आता त्याच जागेवर त्याचा मुलगा स्कूटीचे पंक्चर काढतो. तासावर भाड्याने मिळणाऱ्या त्या बुटक्या सायकली कधी गेल्या कळलंही नाही. ॲटलासचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, तोही जागतिक सायकल दिनी. माझ्या ॲटलासला त्या दिवशी मी तेल घातलं, तेवढंच.

नाशिकमध्ये सायकलिंगचं वारं जोरात आहे, नाही असं नाही. डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, तेव्हा आम्हालाही आपल्याच घरचं कार्य झाल्यासारखं वाटलं. पण त्यानंतर जे सायकलवाले निघाले त्यांतले निम्मे सायकल चालवतात की घड्याळ, हा मला प्रश्न पडतो. पायडलमध्ये पॉवर मीटर, हँडलवर स्क्रीन, आणि राहुड घाटात मोबाइलची रेंज गेली की तोंडावरची कळाही जाते. मी हे बोलले की लेक म्हणते, आई, तू जळतेस. जळतेच.

लेकीचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, दांडा नसलेली सायकल घे, स्टेप-थ्रू, पाय टाकायची कटकट नाही. म्हणजे परत लेडीज. १८९४ मध्ये ॲनी लंडनडेरी नावाची बाई जगप्रदक्षिणेला निघाली ती ४२ पौंडांच्या लेडीज सायकलवर, लांब स्कर्ट घालून. शिकागोला पोहोचेपर्यंत तिला कळलं की हे जमायचं नाही. तिथे तिने २१ पौंडांची पुरुषी सायकल घेतली, स्कर्टही सोडला. पुदुकोट्टईत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तर त्यांनी खुशाल जेंट्स घेतल्या, आणि दांड्यावर मूल बसवता येतं म्हणून त्याच बऱ्या म्हणाल्या. आणि मी दांडा ओलांडून इतकी वर्षं काढल्यावर मागे वळू? शिवाय दांडा नसला तरी सीट तेवढीच उंच राहते. लेकीला हे पटत नाही, कारण ती आता कारने जाते.

खरं सांगायचं तर उंच सीट दिसते फार छान. हँडलपेक्षा सीट वर, पाठ आडवी, पाय लांब. बीआरएमच्या सुरुवातीला पहाटे कार्डवर शिक्का घेताना रांगेत बहुतेक वेळा मी एकटी बाई असायचे, आणि एकटी असणं मला आवडायचं. आणखी बायका आल्या पाहिजेत असं मी भाषणात म्हणायचे. ज्या वर्षी एक तरुण मुलगी आली आणि माझ्या आधी पोहोचली, त्या वर्षी घरी येऊन मी दोन दिवस तिच्या सायकलचं वजन शोधत होते. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी २०२२ मध्ये कच्छच्या कोटेश्वरपासून अरुणाचलातल्या किबिथूपर्यंत जवळपास ४,००० किलोमीटर १४ दिवसांत एकटीने काढले. तेव्हा पंचेचाळिशीतल्या, दोन मुलांची आई. लोक मला त्यांचं उदाहरण मोठ्या प्रेमाने देतात. मी मान डोलावते आणि मनात त्यांचं वय माझ्या वयातून वजा करते.

आता डोंगरातल्या सायकलवाल्यांकडे एक वस्तू असते, ड्रॉपर सीटपोस्ट. अंगठ्याखाली खटका. दाबला आणि बुडाने जोर दिला की सीट खाली. पुन्हा दाबला, वजन काढलं, की वर. कॅलिफोर्नियात १९८०च्या दशकात जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी सीटपोस्टला नुसती एक स्प्रिंग बसवून याची सुरुवात केली होती, उतारावर सीट खाली घेता यावी म्हणून. मला उतारावर नकोय. मला पानेवाडीला हवंय, टँकर आला की. माझ्या फ्रेममध्ये २७.२ची नळी बसते, त्या मापात फार कमी मिळतात. वजन वाढतं अर्धा किलो तरी. ज्या बाईने बाटलीचा स्टँडसुद्धा हलका बघून घेतला तिने अर्धा किलो अंगावर घ्यायचा, तोही थांबण्यासाठी. आणि बीआरएमला कुणीतरी विचारणारच, मॅडम, हे डोंगरातलं काय लावलंय? उत्तर काय देऊ? हाडांचा आकडा सांगू?

नर्सबाईला फोटो दाखवला. तिने किंमत विचारली. तिच्या अख्ख्या सायकलपेक्षा जास्त निघाली. म्हणाली, "बाई, त्यापेक्षा आपली खालीच बरी." तिची सीट अजूनही बॉलपेनच्या खुणेवर आहे. गुडघे दुखतात का विचारलं तर म्हणते, दिवसभर उपकेंद्राच्या पायऱ्या चढून दुखतात ते वेगळे, सायकलने नाही. तिशीच्या आत आहे ती, दुखतील कशाने?

यंदाच्या २०० साठी दोघींची नावं दिली आहेत. वेळ साडेतेरा तास. ती तिच्या तळाच्या सीटवरून येणार. मी खटका लावून येईन की चंदेरीवरून, ते अजून ठरायचंय. ठरलंय एवढंच, की तिचा वेळ माझ्यापेक्षा कमी लागला तर पुढच्या फराळाला ओट्यावर मी साइडपट्टीचा विषय काढणार आहे, आणि सोबतीला माझ्या गुडघ्याचा.